शिळफाट्यावरच्या कुकीज

दिवसभरात किती झेरॉक्स निघाल्या, ते आमचं मशीन संध्याकाळी बरोबर सांगतं. किस्से किती निघाले, ते मात्र कोणी विचारू नये! शिळफाट्यावर माझं आणि रुबीनाचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. मैत्रिणी म्हणतात, "वैशाली, असली माणसं तुझ्याच दुकानात कशी येतात गं?" अगं, माणसं सगळीकडे सारखीच. कॉम्प्युटरसमोर बसली की खरं बोलायला लागतात, एवढंच!

* * *

आमच्या गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त छळलंय ते कुकीजच्या चौकटीनं. वेबसाइट उघडली रे उघडली की ती समोर. "आम्ही कुकीज वापरतो. सगळ्या स्वीकारणार, का गरजेपुरत्या?"

विमलकाकी मुलाच्या लग्नाची पत्रिका बनवायला आल्या होत्या. सोबत काका. डिझाइनची साइट उघडली, चौकट आली. मी वाचून दाखवलं.

"गरजेपुरत्याच घे," काकी ताडकन म्हणाल्या.

मी बटण दाबलं. काकी काकांकडे वळल्या. "बघितलंत? मशीनला पण कळतं. आता तुमचे सोयरे सांगा. गरजेपुरतेच!"

* * *

साजगावच्या एका कारखान्यातला संदीप लग्नाच्या साइटवर स्थळं बघायला आमच्याकडे यायचा. घरी आई मागून डोकावते म्हणून. एकदा कामावरून फोन आला, तसाच उठून पळाला. लॉगआउट केलंच नाही.

मग आल्या सुमनकाकू. त्यांना मुलीसाठी, पूजासाठी स्थळ बघायचं होतं; तिचं नाव साइटवर आधीच नोंदवलेलं. "माझं मला येतं," म्हणत त्याच खुर्चीवर बसल्या आणि तीच साइट उघडली. साइटला वाटलं, संदीपच परत आला! त्याचं खातं आपोआप उघडलं. थोड्या वेळानं हाक आली.

"वैशाली, हा संदीप कोण गं? आमच्या पूजाला नकार दिलाय यानं!"

मी काउंटरवरून धावले. "काकू, हात लावू नका, ते दुसऱ्याचं खातं आहे!"

"असू दे. चुकून दाबलं असेल बिचाऱ्यानं," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी होकार करून दिला."

पुढचं सगळं रीतसर झालं. मी संदीपची हात जोडून माफी मागितली, काकूंनाही खरं काय ते सांगितलं. पण तोवर दोन्ही घरच्या मोठ्यांची फोनाफोनी होऊन गेली होती. संदीप भिडस्त. गेला, पोहे खाल्ले, मुलगी बघून आला. आणि पूजानं त्याला नकार दिला!

दुसऱ्या दिवशी संदीप दुकानात हजर. तोंड पडलेलं.

"ताई, आधी मी नकार दिला होता. ते कुठं रेकॉर्डवर निघेल का?"

* * *

त्या प्रकरणानंतर रुबीनानं सेटिंगच बदललं. ब्राउझर बंद केला की सगळ्या कुकीज साफ. कोणाचं खातं उघडं राहायला नको.

पण आमचे गुरवकाका रोज पेपर वाचायला येतात. रिटायर माणूस. आता साइट त्यांना रोज नव्यानं विचारायला लागली. भाषा कुठली? गाव कुठलं? कुकीज चालतील का?

"अगो रुबीना, कालच सांगितलं ना याला, मराठी म्हणून! रोज काय सोयरीक जुळवतोय का माझ्याशी?"

रुबीनानं समजावलं. "काका, दर्ग्याबाहेर नाहीतर देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना? कुकी म्हणजे तसा बिल्ला. साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवून देते. परत गेलात की बिल्ला बघून ओळखते. मी रात्री सगळे बिल्ले फेकते, म्हणून ती तुम्हाला विसरते."

काकांना पटलं. मग रुबीनानं त्यांना त्यांच्याच फोनमधल्या कुकीजची यादी उघडून दाखवली. काका बोटानं वर सरकवतायत, सरकवतायत, यादी काही संपेना.

"हे कोण गं सगळे?"

"जाहिरातवाले. तुम्ही वाचत होतात त्या पानावरून त्यांनी पण आपापला बिल्ला चिकटवला."

काका खवळले. "यांचा बिल्ला कशाला? यांच्या दारात मी चप्पल काढलीच नाय!"

थर्ड पार्टी कुकीज म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. काकांच्या फोनमध्ये त्या बंद करून दिल्या. नंतर दुकानातल्याही केल्या.

* * *

पळसदरीचा दत्ता. धरणाजवळ त्याच्या दोन खोल्या आहेत, शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतो. लॅपटॉप घेऊन आला. "लय हळू चाललाय ताई, कायतरी साफ करायला लागंल."

साफ करण्याच्या यादीत कुकीज असतात, त्याच्याखाली पासवर्ड. कुकीज गेल्या तर फक्त लॉगआउट होतं, पासवर्ड टाकून परत आत जाता येतं. पण पासवर्डही गेले तर? मी हे समजावून सांगेपर्यंत दत्तानं सगळ्या चौकोनांवर टिक करून बटण दाबलंसुद्धा!

बुकिंगचं खातं बंद. पासवर्ड दत्ताला कधी ठाऊकच नव्हता. आणि शनिवारी पाहुणे येणार, त्यांची नावं, नंबर सगळं आत.

"ओटीपी मागवू. नंबर कोणाचा आहे?"

दत्ता हळूच म्हणाला, "अशोकदादाचा. खातं त्यानंच काढलं व्हतं."

अशोक म्हणजे त्याचा थोरला भाऊ, कर्जतला राहतो. बांधावरच्या फणसावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. दत्ता दारापर्यंत जाऊन दोनदा परत आला. शेवटी लावला फोन. स्पीकरवर.

"दादा, ओटीपी आलाय. सांग."

तिकडून आवाज आला, "चार."

"चार."

"नऊ."

"नऊ. पुढं?"

"दोन... आईचा गुडघा कसा हाय रं?"

"आधी आकडा सांग ना दादा!"

"आधी गुडघा सांग."

दत्तानं गुडघा सांगितला. मग कुठल्या डॉक्टरला दाखवलं ते सांगितलं. मग तेल कुठलं लावतात ते. ओटीपीची मुदत केव्हाच संपली. मी खुणेनं सांगितलं, दुसरा मागवायला लागेल.

दत्तानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मागवा. दोनचार मागवा!"

* * *

भगतदादा खालापूरकडचे. भाताची शेती, शिवाय कंपनीत ड्यूटी. एका दुपारी लॅपटॉप पिशवीत घालून आले. दुकान रिकामं आहे ना, ते आधी बघून घेतलं.

"ताई, नाजूक मामला हाय. मी बघतो भाताचं बियाणं. आणि बाजूला जाहिराती येतात..." त्यांनी आवाज आणखी खाली आणला, "लेडीज होस्टेलच्या! बेंगळुरूच्या! बायकोनं बघितलं तर या वयात घराबाहेर काढंल. देवाशपथ, मी नाय काय बघितलं!"

रुबीना तोंडावर ओढणी धरून आत पळाली.

मी म्हटलं, "दादा, या जाहिराती कुकीजमुळे येतात. या लॅपटॉपवर कोणी ते शोधलं असेल, म्हणून मागे लागल्यात. एका मिनिटात पुसून देते. घरात अजून कोण वापरतं हा?"

"कोण नाय. मी, आन् आमची मनाली."

बोलता बोलताच ते परत स्क्रीनकडं वळले.

"तिला नोकरीचं बोलावणं आलंय तिकडून," ते म्हणाले. "मी म्हटलं, एवढ्या लांब पोरगी नाय पाठवायची. ती काय बोलली नाय. रडली पण नाय. मला वाटलं, विषय संपला."

मी साफ करायची यादी उघडली होती. बटणावर बाण नेला. "पुसू ना, दादा?"

"थांब गं."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसून डोळ्यांवर चढवला आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवून त्या जाहिरातीवर बोट ठेवलं.

"हे उघड. आन् जेवणाचं काय लिवलंय ते वाच. तिला रातच्याला भात लागतो."