बाहेरून कुलूप

मंगलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या चौकात अडकलो होतो. पुढे कंपनीची बस, मागे कांद्याचा ट्रक. झोपेतच हृदय बंद पडलं, असं त्यांची मुलगी सांगत होती. तीन आठवडे झाले... अजून त्यांच्या खोलीकडे वळणारा कुरुळीचा फाटा आला की हात त्यांचा नंबर लावायला जातो.

कामासाठी गाव सोडून इथं कोण आलं, कुठून आलं, पुढे कुठे गेलं, याची आम्ही पाहणी करायचो. मी पर्यवेक्षक, त्या घरोघरी फॉर्म भरणाऱ्या. स्वतःही परभणीकडून आलेल्या. नियम साधा होता. तीनदा जायचं, कुलूपच दिसलं तर ‘घर बंद’ लिहून मोकळं व्हायचं. ताईंना तो नियम मुळीच पटायचा नाही. नाइट शिफ्टवाले दिवसा झोपतात, झोपमोड नको म्हणून खोलीतल्या जोडीदाराला बाहेरून कुलूप लावायला सांगतात. म्हणजे रात्रभर राबणाराच नेमका आपल्या कागदावर नसतो, असं त्या मला येता-जाता सुनवायच्या. कुलपाकडे त्या बघायच्याच नाहीत. वर मीटरकडे बघायच्या. लाल दिवा भराभर लुकलुकला की आत पंखा चालू, म्हणजे माणूस आत.

एका दुपारी चाळीतल्या शेवटच्या खोलीवर आमची तिसरी फेरी होती. फॉर्म संध्याकाळी पाठवायचे होते, म्हणून मी ‘बंद’ लिहूनही टाकलं. ताई दाराला कान लावून उभ्या.

“सर, आत कुणीतरी कण्हायलंय.”

कुलूप परक्याचं, नसतं लचांड मागे लागेल, असं काहीबाही मी बोललो. खरं सांगतो, मला माझ्या नोकरीची भीती होती. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच दगड शोधून आणला. मी नुसता उभा. चौथ्या घावाला कोयंडा निघाला. आत तिशीतला गडी तापाने फणफणलेला, उठायचंही त्राण नाही. जोडीदार ओव्हरटाइमला अडकलेला. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हाती लागला नसता, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात ताई एवढंच बोलल्या, “तेवढं ‘बंद’ खोडा, सर.” लाज वाटली. अजून वाटते.

परवा त्यांच्याकडे राहिलेले फॉर्म आणायला खोलीवर गेलो. मुलगी पहिल्या शिफ्टला गेलेली, दाराला कुलूप. नजर आपसूक वर गेली. लाल दिवा लुकलुकत होता. फ्रिज चालू असणार, एवढं मलाही कळतं... तरी मी तीनदा दार वाजवलं.