चिमूटभर कच्चा खिमा

"मीठ जिभेला विचारावं, डोळ्यांना काय कळतंय," खिमेवाला रोज म्हणायचा. डुकराच्या खिम्याला मसाला लावून झाला की चिमूटभर कच्चाच जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. त्या मानेच्या भरवशावर गिऱ्हाइकं पिशव्या पुढे करायची. त्याची बायको मांसाला शिवतही नसे. निदान शिजवून चाखा, असं ती कितीदा सांगे. त्यावर तो हसे. शिजल्यावर चव कुणीही सांगेल, मग मला कोण विचारणार, म्हणे.

अशी एकतीस वर्षं गेली. एका सकाळी ओट्यापाशी बायकोच्या हातातलं उलथनं पडलं, मागोमाग तीही. दातखीळ बसली, हातपाय झटकू लागले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या मेंदूचा फोटो उजेडासमोर धरला. त्यात तांदळाएवढे ठिपके होते. या चपट्या जंताच्या अळ्या, त्या म्हणाल्या. कच्च्या मांसातून जंत एकाच्या पोटात वाढतो आणि त्याची अंडी नीट न धुतलेल्या हातांनी दुसऱ्याच्या घासात जातात. घरात कुणाला शौचातून फितीसारखे पांढरे तुकडे पडतात का? त्या माणसाला औषध दिलं नाही, तर हिच्या डोक्यात पुन्हा हेच होईल.

खिमेवाल्यानं आपल्या तळहातांकडे पाहिलं. बायकोचे गुडघे धरल्यापासून संध्याकाळची काकडी तोच चिरायचा. पहिली फोड तिच्या हातावर ठेवायचा.

"मला पडतात," तो शेवटी म्हणाला. "आठ महिने झाले."

"आणि बोलला नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं असतं तर..."

"माझ्या हातावर फोड ठेवताना गिऱ्हाइकंच आठवली का हो?" खाटेवरून बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी नमुन्यासाठी झाकणाची डबी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही. दवाखान्यातून दिलेली डबी भरून कागदात गुंडाळली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नखं पुन्हा घासली. पायरीखाली नेहमीची दोन गिऱ्हाइकं उभी होती. आज कागदात काय खास बांधलंय, एकानं थट्टेनं विचारलं.

"माझा जंत," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "तपासायला नेतोय. माझ्या हातचं खाल्लंय तुम्ही, तुम्हीही तपासून घ्या."

दोघं बाजूला सरले. तो मान खाली न घालता चालू लागला. खिडकीचा गज धरून बायको बघत होती, तो वळणाआड जाईपर्यंत.