आईच्या हाताचे पाच सेकंद

मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि आईचा उजवा हात लुळा पडला. काठी घेऊन ती लवकरच चालायला लागली. बोलणं तर पहिल्याच आठवड्यात पूर्ववत झालं, म्हणजे तिखट. पण चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायचं नाव काढत नव्हती. पाचूबंदरात आमच्या घरापासून चर्च चार पावलांवर. रविवारी घंटा झाली की ही भिंतीकडे तोंड करून पडायची. कारण एकच. क्रुसाची खूण करायला हात आधी कपाळाला, मग छातीला आणि दोन्ही खांद्यांना लागायला हवा, आणि तो कमरेच्या वर यायला तयार नव्हता.

"डाव्यानं कर की," मी म्हटलं.

"जन्मभर उजव्यानं केली. आता सगल्यांसमोर डाव्यानं करू? मना नाय जमायचा."

देवाला चालतं, असं फादरनीही सांगून पाहिलं. पण देवाबद्दल तिची तक्रारच नव्हती. मासळी बाजारात उभं आयुष्य ताठ बसलेल्या बाईला इतर बायकांच्या नजरा नको होत्या.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सुचवलं, हात जिथवर जातो तिथं रोज एक फोटो काढून ठेवा, फरक दिसला की पेशंटला हुरूप येतो. साधी गोष्ट साधेपणानं करणं माझ्या स्वभावात नाही. मी ठरवलं, सगळे फोटो एकापुढे एक लावून स्टॉप-मोशन व्हिडिओ करायचा. फोटो भराभर पुढे सरकले की हात आपोआप वर जाताना दिसेल. तो आईला दाखवायचा आणि मिस्साला न्यायचं.

त्यासाठी हात सोडून दुसरं काही हलता कामा नये, असं मी वाचलं होतं. मग खिडकीपाशी खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या, समोर स्टुलावर मोबाइल टेकवला. गोखिवऱ्याला कामावर निघण्याआधी रोज माझा आरडाओरडा सुरू व्हायचा. "आई, समोर बघ. मान हलवू नकोस. परत खाली घातलीस? मान सरळ!"

दोन महिन्यांत एकसष्ट फोटो जमले. हात हनुवटीपर्यंत आला आणि तिथं थांबला. म्हटलं, आता व्हिडिओ करून टाकू. एका रविवारी दुपारी जेवण उरकून बसले आणि माझं डोकं फिरायची वेळ आली.

पहिल्या अॅपनं विचारलं, एका सेकंदाला किती फोटो? बारा की चोवीस? मला काय माहीत! बारा ठेवले. बटण दाबलं, आई दिसली आणि संपली. पाच सेकंद. रोजचं तिचं ते ओठ दाबून हात उचलणं, घाम, माझ्या शिव्या, सगळं पाच सेकंदांत आटोपलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या अॅपमध्ये एक फोटो दुसऱ्यात विरघळायचा, त्यामुळे आईला तीन-तीन हात फुटले, आणि अॅपनं स्वतःचं नाव छापलं ते नेमकं तिच्या कपाळावर. तिसरं ऑफिसातल्या डिझाइनवाल्या मुलीनं सुचवलेलं, लॅपटॉपवरचं. ते उघडलं आणि बोटीच्या इंजिनात डोकावल्यासारखं झालं. कुठं हात घालावा कळेना. त्यानं ताजे फोटो आधी लावले, म्हणजे आईचा हात रोज थोडा थोडा खालीच चालला. नेटवर विचारावं तर एकजण ज्याची तारीफ करतो, दुसरा त्यालाच कचरा म्हणतो.

चौथं अॅप भलतंच हुशार निघालं. दोन फोटोंमधली चित्रं ते स्वतः बनवायचं. शेवटी त्यानं विचारलं, हालचाल पूर्ण करू का? मी वैतागून 'हो' दाबलं. आईचा हात लोण्यासारखा वर गेला, हनुवटीपाशी थांबला नाही, आणि कपाळाला टेकला.

मला रडू फुटलं. मग लक्षात आलं, असा फोटो मी कधी काढलेलाच नाही.

आता काय करायचं? खरा व्हिडिओ हनुवटीशी संपतो, तो बघून ही पुन्हा भिंतीकडे वळेल. खोटा बघून कदाचित उठेल. डिझाइनवालीला फोन केला. "इफेक्टच तर आहे, चालतं." ताईंना केला. "अजिबात दाखवू नका, उद्या तिथवर हात गेला नाही तर खचतील." मला दोघींचं पटलं. असल्या वेळी मी जे करते तेच केलं, पुढचा विचार न करता उठले आणि खोटा व्हिडिओ आईसमोर धरला.

तिनं शांतपणे पाहिला. "कोनाचा हात हाय ह्यो?"

"तुझाच की!"

"माजा मधला बोट सरल होत नाय. हिचा बघ."

खरंच होतं. माझी मलाच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. "मग हा घे तुझा," म्हणत मी खरा व्हिडिओ लावला. एव्हाना वेग कमी करायला शिकले होते, सेकंदाला दोन फोटो. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा झाला. तिनं तो चारदा पाहिला. एका जागी हात खाली गेला तर म्हणाली, "हितं मना ताप व्हता." पुढे एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "आनि हितं तू वराडलीस." व्हिडिओ हनुवटीपाशी थांबला तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

ती खुर्चीत नीट बसली. हात उचलला. तो हनुवटीपर्यंत आला आणि नेहमीसारखा अडला. मग तिनं सावकाश मान खाली घातली आणि कपाळ बोटांवर टेकवलं.

"आई, मान..." सवयीनं माझ्या तोंडून निघालंच.

तिनं छातीला हात लावला, मग एकेक खांदा हातापाशी आणून त्याला लावला, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"दोन म्हयने हाच तर करीत व्हते," ती म्हणाली. "तूच करू देत नव्हतीस."

पुढच्या रविवारी घंटा व्हायच्या आधीच ती काठी घेऊन दारात उभी होती.