आकड्याचं वरचं टोक

माझं काम तापाचा अंदाज बांधण्याचं. पावसाळ्यानंतर हिंगोली जिल्ह्यात डेंग्यूचे किती रुग्ण निघतील, हे कॉम्प्युटरवर गणित मांडून सांगायचं. उत्तर कधीच एका आकड्यात येत नाही. कमीत कमी इतके, जास्तीत जास्त तितके, असा पट्टा येतो. साहेबांना पट्टा आवडत नाही. त्यांना खाटा मागवायच्या असतात.

त्या वर्षी पट्टा छान अरुंद आला होता. आठवड्यातून एकदा घरातली पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवली की डास वाढत नाहीत. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांच्या, म्हणजे आशाताईंच्या, नोंदीत जवळजवळ सगळी घरं हा कोरडा दिवस पाळत होती. मी ते खरं धरलं.

मग एका रविवारी कनेरगाव नाक्याला आईकडे गेले. आशाताई दारात आल्या, ड्रम रिकामा केला का म्हणून विचारलं. आईनं बिनदिक्कत व्हय म्हटलं. न्हाणीत ड्रम काठोकाठ भरलेला. त्या गेल्यावर मी आईला खडसावलं, तर तीच माझ्यावर उखडली.

"नळ कवा येईल, ठावं हाये का तुला? मंग काहून फेकू पाणी?"

मला ठाऊक नव्हतं. जिल्ह्याच्या तापाचा अंदाज सांगणारी मी, नळाचा सांगता येईना. आणि उन्हातान्हात आलेल्या बाईला तोंडावर नाही म्हणायचं, हे आमच्याकडे बसत नाही. गल्लीतल्या सगळ्याच जणी व्हय म्हणत असणार.

ऑफिसात येऊन नोंदींवरचा भरवसा कमी केला, तसा पट्टा चांगलाच रुंदावला. साहेब वैतागले, म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही, म्हणाले. किती माहीत नाही ते आत्ता कळलंय, असं मी सांगून पाहिलं. वरचं टोक धरून तयारी करा, म्हणून मी भांडले. त्यांनी मधला आकडा उचलला आणि खाटा तेवढ्याच आल्या.

दिवाळीआधी आईला ताप चढला. डेंग्यूच निघाला. रुग्णालयात एका खाटेवर दोघी, आई आणि एक अनोळखी बाई, एकीच्या डोक्याशी दुसरीचे पाय. मला साहेबांचा संताप येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. आईनं डोळे उघडले.

"तुह्या गणितात मी व्हते का गं?"

"होतीस. वरच्या टोकाला."

तिनं शेजारच्या बाईचे पाय जरा सरकवले, अंग चोरून घेतलं.

"मंग खाट काहून न्हाई?"