पाणीमास्तरांची दुसरी बाटली

पाणीमास्तर कुणाकडेही गेले तरी पाण्याचा पेला आधी उजेडात धरून पाहायचे आणि मगच तोंडाला लावायचे. यजमान ओशाळून जाई. पण त्यात अपमान करण्याचा हेतू नसे. बुऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यात रोग्यांच्या पोटात साचलेलं पाणी तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांचं खरं नाव लोक विसरले होते. बहुधा तेही विसरले असावेत.

दवाखान्यामागच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक दिवा आणि सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली, एवढाच त्यांचा संसार. पेल्यात पाणी घेऊन त्यात ते थोडा सिरका घालत आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब सोडत. थेंब मुकाट विरला तर दोष बहुधा लिव्हरचा. पांढरा धूर सोडत तळाशी गेला तर आत सूज आहे. "माणूस खोटं बोलते, नातेवाईक त्याहून जास्त. थेंब काय बोलून राहिला ते ऐकायचं," असं ते म्हणत.

माझं लग्न लोधीपुऱ्यात ठरलं आणि त्याच महिन्यात बाबांचं पोट फुगायला लागलं. आमच्या निंबोल्यात पोट फुगण्याचं कारण एकच समजत: दारू. बाबा केळीच्या बागेतून सरळ घरी येणारे. पण लोकांनी त्यांना गुपचूप पिणारा ठरवून टाकलं. लोधीपुऱ्याहून निरोप आला, "लग्न थोडं थांबवू." या 'थोडं'चा अर्थ सगळ्यांना कळतो.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी पोकळ सुईने पाणी काढलं आणि बाटली माझ्या हाती दिली. आवार ओलांडताना मी ठेचकाळले आणि अर्धं पाणी सांडलं. आता अर्धं भांडं कुणाच्या हाती द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. बाबांसाठी आणलेलं तापीचं पाणी पडवीत गडूत होतंच. मी बाटली काठोकाठ भरली, तापीमाईचं नाव घेतलं आणि मास्तरांना नेऊन दिली.

थेंब मुकाट विरला.

"रोज किती घेतोस?" साहेबांनी बाबांना विचारलं.

"साहेब, मी तं चहा बी घेत नाही."

"सगळे असंच सांगतात."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. तरीही मी बाटलीत घातलेलं पाणी माझ्या डोक्यातही आलं नाही.

तेवढ्यात पाणीमास्तर दारात येऊन उभे राहिले. "साहेब, गडबड आहे. इतकी वर्षं पोटातलं पाणी पाहून राहिलो, पण शेवाळ आजच दिसलं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बेटी, यांच्या पोटात तापी कुठून आली?"

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. साहेब भडकले, तसे मास्तर मध्ये आले. "चूक माझी. बाटली मी स्वतः न्यायला पाहिजे होती. दुसरी बाटली घेऊ."

दुसऱ्या बाटलीतला थेंब पांढरा धूर सोडत तळाशी गेला. साहेबांनी पुन्हा सगळं तपासलं आणि पोटाचा क्षय सांगितला. बाबा उठून बसले आणि म्हणाले, "क्षय तं क्षय. दारू तं नाही ना?" इतक्या आनंदाने हा आजार घेतलेला माणूस दवाखान्याने त्याआधी पाहिला नसेल.

मास्तर तेवढ्यावर थांबले नाहीत. पेला, सिरका आणि उरलेलं पाणी घेऊन ते लोधीपुऱ्यात गेले आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना ओट्यावर बसवून त्यांनी थेंब दाखवला. सासऱ्यांनी वाकून तो धूर पाहिला. "आजार कुणाच्या हाती नसते," ते म्हणाले. "तारीख धरा."

बाबा त्यानंतर तीन वर्षं होते. कुणी कुणाबद्दल काही बोलू लागलं की ते म्हणत, "दुसरी बाटली पाहिली का?" माझ्या सासरीही ते बोलणं रुजलं.

बाबांच्या तेराव्याला मास्तर आले. तोवर ते नोकरीतून मोकळे झाले होते. मी पाणी पुढे केलं. त्यांनी पेला घेतला आणि तसाच तोंडाला लावला.

"मास्तर, पाहिलं नाही?"

"तुझ्या हातचं आहे," ते म्हणाले. "काही घातलं असतं, तं तू सांगितलं असतं."

बाबा गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशी रडले.