गुडघ्याच्या खाली, गुडघ्याच्या वर

"पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. आजच. थांबलो तर गुडघाही जाईल."

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या विभागाच्या प्रमुख मॅडम माझ्या खाटेशी उभ्या राहून हे म्हणाल्या. त्यांच्यामागं शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. तापानं माझं डोकं बधिर झालेलं. माझ्या बायकोनं, सुनीतानं, खाटेची दांडी गच्च धरली एवढंच आठवतं, पुढचं तिनं मला नंतर सांगितलं.

मी चाकूरला शिक्षक. शाळेतून येताना मोटरसायकल घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात प्लेट बसवली. मला शुगर आहे. जखमेतून पू यायला लागला तरी मी ड्रेसिंगवर भागवत राहिलो. पायाची बोटं काळी पडली, खोलीत वास भरला, तेव्हा सुनीताच्या भावानं मला नांदेडला आपल्या गावी नेलं.

मॅडमनी निदान सांगितलं, वेट गँग्रीन. म्हणजे रक्त न पोचल्यानं मेलेलं मांस, त्यात शिरलेले जंतू, आणि ते वर वर चढणारे. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर माणूस बऱ्यापैकी चालतो. तो गेला की चालणं फार अवघड होतं. हेही त्यांनी सुनीताला नीट समजावलं. ती सही करायला तयार होती.

तेवढ्यात माझा मोठा भाऊ आला. घरात दादाचा शब्द शेवटचा. त्यानं एका शिकाऊ डॉक्टरला बाजूला घेतलं.

"मॅडम कुठल्या हायत?"

"देवणीकडच्या."

"आडनाव काय?"

डॉक्टरनं आडनाव सांगितलं. मॅडम बौद्ध समाजाच्या आहेत हे दादाला कळलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"एक तर बाईमाणूस. त्यात राखीव जागेवरून आलेली. तिच्या हातात पाय द्यायचा व्हय?"

डॉक्टर म्हणाला, "काका, मॅडम इथंच शिकल्या, मग मुंबईला. बाईनं हाडांकडं येऊ नये, बाळंतपणाकडं जावं, असं त्यांना त्यांचेच सर म्हणायचे. आज आम्हा सगळ्यांना त्याच शिकवतात."

"तुमी शिका त्यांच्यापाशी. माझा भाऊ शिकायला न्हाई दिला."

सुनीता म्हणाली, "दादा, येळ न्हाई. मॅडमनी सांगितलंय."

"तू गप ऱ्हा."

मॅडम परत आल्या. "न्यायचं तर न्या. पण वाटेत वेळ जाईल, तो पायातून जाईल," एवढंच म्हणाल्या. दादानं सल्ल्याविरुद्ध नेत असल्याची सही केली आणि मला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. रस्ताभर मी ओरडत होतो. खड्डा आला की पाय पेटायचा.

लातूरला दादा आमच्याच नात्यातल्या एका तरुण सर्जनकडं घेऊन गेला. तिथं आधी बाकावर थांबलो, मग पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा फोटो काढला. सर्जननं पट्टी सोडली आणि विचारलं, "नांदेडला कुणी तपासलं?"

दादानं मॅडमचं नाव घेतलं, कुठून आल्यात तेही सांगितलं. सर्जननं पट्टी परत गुंडाळली. मग म्हणाला, "मी त्यांचा विद्यार्थी आहे. पाय कुठं कापायचा आणि कुठं वाचवायचा, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांच्या हातातून काढून तुम्ही माझ्याकडं आणलंत?"

"मग तूच कर की."

"आता रक्तात विष पसरलंय. ह्यांना मोठा आयसीयू लागेल, माझ्याकडं तो नाही. परत न्या." त्यानं आमच्यासमोरच मॅडमना फोन लावला.

पुन्हा तोच रस्ता. या खेपेला मी ओरडलो नाही, शुद्धच नव्हती.

नांदेडला जागा झालो तेव्हा पाय मांडीच्या मध्यापर्यंतच होता. ह्याला अबव्ह नी अँप्युटेशन म्हणतात, गुडघ्याच्या वर कापणं. पुढं नसलेल्या पायाची बोटं ठणकायची. ते फँटम पेन, मेंदूला पाय गेल्याचं कळत नाही म्हणून होणारं दुखणं. मी रडायचो. शाळेतली पोरं भेटायला आली तर तोंड फिरवून घ्यायचो.

घरी सोडायच्या आधी मी मॅडमना विचारलं, "आमचा दादा जे बोलला ते तुमच्या कानावर आलं असंल. राग न्हाई आला?"

त्या टाक्यांकडं बघत होत्या. म्हणाल्या, "ते लहानपणापासून ऐकते. गुडघा वाचत होता, गुरुजी. राग त्याचा आला."

तुमच्या घरात अशी वेळ आली तर डॉक्टरला विचारा, किती वेळ हातात आहे, काय वाचेल, काय जाईल. शंका असेल तर दुसऱ्यालाही दाखवा, पण तेवढी उसंत आहे का हे आधी विचारा. आडनावावरून ह्यातलं काहीच कळत नाही.

मी आता कुबड्यांवर शाळेत जातो. कृत्रिम पाय मांडीला घासतो, रक्त येतं. जिवंत आहे, ते मॅडममुळं आणि त्यांनी शिकवलेल्या लातूरच्या त्या पोरामुळं.

कृत्रिम पाय नीट बसवून घ्यायला दर वेळी दादाच नांदेडला नेतो. झाल्या गोष्टीवर तो कधी बोलला नाही. मागच्या खेपेला आम्ही बाकावर बसलो होतो. मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन समोरून गेल्या. दादा उठून उभा राहिला. मॅडम थांबल्या, माझ्या मांडीवरची जखम बघितली, मलम बदलायला सांगितलं आणि पुढं निघून गेल्या.

"बस की," मी म्हणालो.

तो उभाच राहिला.