वृषालीची करंगळी

आमची वृषाली सायकलीवर उभी ऱ्हाती. पळती तर पळतीच, पण आधी उभी ऱ्हाती. पाय खाली न टेकवता, दोन चाकांवर, जागच्या जागी. लोकांना वाटतं, सायकलीची शर्यत म्हंजी जोरात पायडल मारंल तो जिंकला. तसं नसतं राव. निदान वृषाली पळती त्या शर्यतीत तरी नसतं.

मी तिचा थोरला भाऊ, गोरख. गाव आणे. शिक्षण नववी. पण पुण्यातल्या बालेवाडीच्या सायकल ट्रॅकचे नियम मला झोपेत विचारा. आणि घोडीचं म्हणाल, तर जुन्नर-आंबेगावच्या घाटांमंदी, म्हंजी बैलगाडे पळवायच्या चढाच्या धावपट्ट्यांमंदी, गाड्यापुढं घोडी पळवणारे दहा-बारा जण असतील, त्यात पयलं नाव माझं. हे मी म्हणत न्हाई, लोकं म्हणत्यात.

वृषाली माझ्यापरीस अकरा वर्षांनी ल्हान. सातवीत व्हती तवा शाळेत हळू सायकलीची शर्यत लावली. चुन्याच्या रेघा मारलेल्या, पाय टेकला की बाद, अन् सगळ्यात शेवटी पोचंल त्याचा नंबर. आमच्या कुंडलिक बापाची काळी सायकल व्हती, वृषालीचे पाय तिच्यावरून जमिनीला पोचतच नव्हते. पाय टेकवायचा प्रश्नच मिटला! नववी-धावीची पोरं फटाफट पडली अन् ही मधीच उभी. रामदास सर म्हणले, "अगं, हल की आता!" ही म्हणली, "कशाला हलू? सगळे पडले की."

हे उभं ऱ्हाणं मी शिकवलं. मागनं कॅरिअर धरून, महिना-महिना. रामदास सरांनी तिला बालेवाडीला नेलं हे खरं, पण नेण्यासारखी केली कुणी?

तिथली सायकल येगळी. ब्रेक न्हाई, अन् पायडल मोकळं फिरत न्हाई. पाय थांबला की चाक थांबलं. तिच्या शर्यतीत दोघीच असत्यात, दोन फेऱ्या. चिठ्ठ्या टाकत्यात, आतल्या कडंची चिठ्ठी येईल तिनं सुरवातीला पुढं ऱ्हायचं. पुढं म्हंजी तोटा. पुढचीला वारा लागतो अन् मागचं दिसत न्हाई. मागची तिच्या आडोशाला दम राखून बसती अन् शेवटाला बाजूनं निघून जाती. म्हणून दोघी एकमेकीला पुढं घालायला बघत्यात. हळू, आणखी हळू, मंग ठप्प. कडंला हजार माणूस अन् ट्रॅकवर दोन पोरी नुसत्या उभ्या. अशी तीस सेकंदाची सूट असती. त्याच्यावर गेलं की पंच पुढचीला हात करतो, निघ. न्हाई निघाली तर हारली. तीन बाऱ्या, दोन जिंकंल तिची शर्यत. बारी हा आमच्या घाटातला शब्द, तिथं दुसरं कायतरी म्हणत्यात.

उभं ऱ्हाण्यात वृषालीचा हात धरणारी कुणी नव्हती. समोरची डुगडुगायला लागायची, अन् तेवढ्यात ही सुटायची. गोफणीतनं दगड सुटावा तशी. कधी सुटंल ते कुणालाच कळायचं न्हाई.

मला कळायचं.

घोडीवाल्याची नजर असती ती. बैल सुटायच्या आधी एक कान मागं घेतो, पापणी लवायच्या आत. ज्याला तो कान दिसला त्याची घोडी वेळेवर पुढं निघाली. तसं वृषालीचं. सुटायच्या आधी तिच्या उजव्या हाताची करंगळी हँडलवरनं उठायची. चिंचेच्या झाडावरनं उडी टाकायची तवा बी उठायची, पाच वर्षांची असल्यापासनं. कोचला सापडली न्हाई. कोच पाय बघतो, घड्याळ बघतो. मी करंगळी बघायचो.

आता हौशीरामचं सांगतो. शिनोलीचा, माझा घाटातला दोस्त. आठ वर्षं त्याचे बैल अन् माझी घोडी. त्याच्या गाड्यापुढं दुसऱ्याची घोडी कधी धरली गेली न्हाई. त्याची पोरगी प्रतीक्षा, वृषालीचं बघूनच सायकलीवर बसली. पयली चाकं मी दिली तिला, वृषालीची जुनी, फुकट.

चार वर्षांमागं एका घाटावरनं आमी दोघं घरी आलो. आईनं, प्रयागबाईनं, आमटी केली व्हती. आण्याची आमटी म्हंजी काय, ते खाल्लेल्यालाच ठावं. ओट्यावर बसून भाकरी कुस्करली अन् हौशीराम म्हणला, "गोरखशेठ, तुझ्या भनीला आता पकडणार कोण?"

"पकडायचं तर ती कधी सुटणार ते कळाया पायजे. अन् ते या जगात एकाच माणसाला कळतं."

"कुणाला रं?"

मी छातीवर बोट ठेवलं.

"मंग सांग की राव. का आमी परकं?"

"तुझी बी पोरगी सायकलीवर हाय."

"अरं, ती घड्याळावर पळती. एकटी. तिला कुणाच्या तोंडाकडं बघायचंच नसतं. सांग, न्हाईतर म्हणीन गोरखला ठावंच न्हाई, नुसत्या थापा."

थापा म्हणला. मला थापा! मी बैलाच्या कानापासनं सुरवात केली अन् करंगळीपतोर सगळं सांगितलं. हात धरून दाखवलं, अशी उठती, अन् मोजून अर्ध्या सेकंदात सुटती. हौशीराम बघत ऱ्हायला. मंग म्हणला, "मानलं राव तुला." अन् आईला म्हणला, "काकू, आमटी वाढा वाईच."

मला काय वाटलं सांगू? लई बरं वाटलं.

मागल्या साली प्रतीक्षा घड्याळाची शर्यत सोडून वृषालीच्या शर्यतीत आली. मी विचारलं तर हौशीराम म्हणला, "कोच म्हणतोय, पाय दणकट हायेत. पोरींचा खेळ राव, चालायचंच." मी बी म्हणलं, चालायचंच. करंगळीची याद मला आली न्हाई. खोटं का बोलू, आली बी असंल, पण आठ वर्षांच्या दोस्तावर तसला संशय घ्यायला जीभ रेटली न्हाई.

अन् त्याच साली राज्याच्या संघाची निवड लागली. या शर्यतीला पोरींमधनं एकच जागा. वृषाली चोवीसची, तिच्यासाठी हे साल लई मोठं. संघात गेली की पुढं खेळाडूंच्या कोट्यातनं नोकरी, न्हाईतर सायकल भिंतीला टांगून गावाकडं. शेवटच्या शर्यतीला ह्याच दोघी आल्या. आपल्याच दोन तालुक्यांच्या. मी पिकअप भरून माणसं नेली व्हती. सगळ्यांना सांगून ठेवलेलं, येताना गुलाल उधळत यायचं.

पयल्या बारीला आतली चिठ्ठी वृषालीला. ती पुढं, प्रतीक्षा मागं, जरा वर, कडंला ट्रॅक उचललेला असतो त्या चढावर. दुसऱ्या फेरीला वृषाली थांबली. प्रतीक्षा थांबली. मी मोजत व्हतो. अठरा, एकोणीस. करंगळी उठली. अन् त्याच टायमाला कठड्यापासनं आवाज आला, "हाण!"

घाटात बैलाला घालत्यात तो आवाज. प्रतीक्षा चढावरनं खाली घुसली ती वृषालीनं पयला पाय दाबायच्या आधी. दोन सायकलींचं अंतर पडलं. वृषालीनं तोडत आणलं, पण चाकभर कमी पडली.

मी कठड्याकडं बघितलं. हौशीराम प्रतीक्षाला उजवा हात दाखवत व्हता, करंगळी ताठ करून. बापलेक हसत व्हते.

तसाच गेलो त्याच्याकडं. "हौशीराम, ही कुठली रीत?"

"कसली रं?"

"माझ्या ओट्यावर बसून खाल्लंस तू."

"खाल्लं की. ग्वाड व्हती आमटी. पण राव, मी काय चोरलं का? तूच वाढलंस."

"दोस्त म्हणून वाढलं."

"अन् मी बाप म्हणून खाल्लं. तुझ्या जागी तू काय केलं असतंस? खरं सांग."

मी तडक पंचाकडं गेलो. म्हणलं, हरकत घ्यायचीय.

"काय झालं?"

"त्यांना माझ्या भनीची करंगळी ठावी हाय."

पंच बघायलाच लागला. मी समदं सांगितलं, आमटीसकट. त्यानं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. मंग म्हणला, "त्या मुलीनं धक्का दिला का? शेवटाला आतल्या लाल रेघेबाहेर येऊन वाट अडवली का?"

"न्हाई."

"मग बघायला बंदी नाही दादा. या शर्यतीत एकमेकींकडं बघणं हाच तर खेळ आहे."

नियमाचं एवढं जाड पुस्तक, अन् त्यात खाल्ल्या मिठाचं एक कलम न्हाई.

दुसऱ्या बारीला धा मिनिटं व्हती. सांगावं का न्हाई? न सांगावं तर हरणार. सांगावं तर मी उघडा पडणार. गेलो. ती खुर्चीवर टॉवेल घेऊन बसलेली.

"दादा, तिला कसं कळलं रं? मी तर काहीच केलं न्हाई."

"तुझी करंगळी उठती."

"काय?"

"सुटायच्या आधी. उजवी. ल्हानपणापासनं."

तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं, जसा काय दुसऱ्याचा हाय. "तुला कधीपासनं ठावं?"

"पयल्यापासनं."

"अन् तिला कुणी सांगितलं?"

"हौशीरामला मी सांगितलं. तीन वर्षं झाली."

मला वाटलं, हौशीरामला शिव्या घालंल. ती म्हणली, "हौशीरामला सांगितलंस. मला का न्हाई सांगितलंस?"

काय सांगणार? बैलाला कुणी सांगतं का, तू कान मागं घेतोस म्हणून? सांगितलं तर त्यो बिचकंल. अन् ती खूण माझी व्हती. माझ्या एकट्याची. ती जिंकायची तवा मला ते आधी ठावं असायचं, त्याची मजा येगळी. हे सगळं मनात, अन् तोंडातनं आलं ते एवढंच, "बैलाला कुणी सांगत न्हाई, वृषे."

"मी बैल हाय का दादा?"

आवाज चढवला न्हाई तिनं. उठली, औषधाच्या पेटीतनं चिकटपट्टी घेतली अन् करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. मी पट्टी धरायला हात पुढं केला, तर दातानं तोडली.

दुसऱ्या बारीत पुढं ऱ्हायची पाळी प्रतीक्षाची. दोघी थांबल्या. प्रतीक्षा मान वळवून हाताकडं बघत्येय. करंगळी उठंना. हौशीराम कठड्यावर निम्मा बाहेर, त्याला बी दिसंना. पंचवीस, अठ्ठावीस, तीस. पंचानं हात केला, प्रतीक्षाला निघावंच लागलं. गडबडीत निघाली अन् वृषाली तिच्या आडोशाला चिकटली. शेवटच्या वळणावर वरनं आली, दोन सायकलींइतकी पुढं निघाली. आमची सगळी माणसं नाचली. मी बी नाचलो. पण तिनं वर बघितलं न्हाई.

तिसऱ्याला पुन्हा चिठ्ठी. आतली वृषालीलाच आली. पुढं ऱ्हायचं, अन् तिची उभं ऱ्हायची युक्ती तर आता फुटलेली. मी पयल्यांदा असा बसलो की मला काहीच ठावं नव्हतं. ती थांबलीच न्हाई. शेवटच्या फेरीची घंटा वाजली अन् तिथनंच सुटली, एवढ्या लांबनं, सगळा वारा अंगावर घेऊन. प्रतीक्षाला सापडायला अर्धी फेरी लागली. रेघेवर दोघी बरोबर. फोटो काढून बघितला तवा कळलं. टायरभर. प्रतीक्षा.

संघात नाव प्रतीक्षाचं लागलं. गुलालाची पोती तशीच माघारी आली.

येताना मी आळेफाट्याला गाडी थांबवली. "चहा?"

"नको."

पुढं आण्याचा घाट-रस्ता चढताना एकदाच बोलली. "पयली बारी माझी व्हती दादा. ती मी हरले न्हाई."

त्या हंगामाला हौशीरामचा निरोप आला, घोडी घेऊन ये, आपला गाडा हाय. मी गेलो न्हाई. त्यानं दुसऱ्याची घोडी धरली, बैल मधीच फुटले, धाव सोडून बाजूला गेले. लोकं म्हणली, गोरख असता तर गाडा पयला आला असता. खरंच हाय ते. पण त्यानं वृषालीची बारी परत येत न्हाई. हौशीराम घाटात भेटला की अजून म्हणतो, "राव, नियमात कुठं लिव्हलंय?" मी त्याच्या ताटाला बसत न्हाई, तो माझ्या न्हाई.

वृषालीनं सायकल टांगली न्हाई. बालेवाडीला खोली घेतली, सकाळी ल्हान पोरींना शिकवती, दुपारनं स्वतः पळती. दिवाळीला आली तवा आण्याच्या घाटात सराव करत व्हती, मी मोटरसायकलवर मागं. तिच्या हाताकडं बघत ऱ्हायलो. पट्टी नव्हती. धाही बोटं हँडलवर गप. अन् तशीच सुटली. मला गिअर टाकायला उशीर झाला.

पुढच्या म्हयन्यात पुन्हा निवड हाय. चहाच्या टपरीवर गेणभाऊ विचारतो, "काय गोरखशेठ, औंदा कसं? काय डाव हाय भनीचा?"

मी म्हणतो, "मला न्हाई ठावं." कुणाला पटत न्हाई. त्यांना वाटतं गोरख लपवतोय.

परवा फोनवर तिला विचारलं, "मी येऊ का शर्यतीला?"

ती म्हणली, "ये. पण लई वरच्या पायरीवर बस. अन् तोंडात गुळणी धर."